पाण्याखालचा साक्षी

डोळ्यांनीं पाहिलेलें तेवढें खरें, असा सामान्य मनुष्याचा दृढ समज असतो. आणि न्यायमंदिरांतहि ऐकीव पुराव्यापेक्षां प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या जबानीला अधिक मोल असतें. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचा जन्म झाल्यापासून ह्या समजाला एक नवा आधार मिळाला. माणसाला राग-लोभ असतात, यंत्राला ते नसतात. तेव्हां यंत्रानें टिपलेलें दृश्य म्हणजे निर्विकार साक्षीनें दिलेली जबानीच होय, असें आपण धरून चालतों. जमिनीवरच्या दृश्यांच्या बाबतींत हा समज पारखून घेण्याची सोय तरी असते. ज्या रस्त्याचें, ज्या देवळाचें वा ज्या पशूचें चित्र आपण पडद्यावर पाहतों, तें आपण केव्हां तरी स्वतः पाहिलेलें असतें. निदान मनांत आणल्यास पाहूं शकतों. समुद्राच्या तळाची गोष्ट निराळी आहे. तेथें जाऊन आलेला मनुष्य विरळा; बाकीच्यांना त्याच्या शब्दावर व त्यानें आणलेल्या चित्रावर विसंबून राहावें लागतें. साक्षीदार एकटा, आणि उलटतपासणी घेणारा कोणी नाहीं, अशी ही स्थिति आहे.

श्वासयंत्र पाठीवर बांधून समुद्रांत उतरावयाचें, तेथील जीवांशीं झालेल्या भेटी चित्रफितीवर टिपावयाच्या आणि त्या घरीं बसलेल्या प्रेक्षकांना दाखवावयाच्या, ह्या कलेला आतां चांगली ऐंशी वर्षांची परंपरा आहे. तिचें कौतुक पुष्कळ होतें. पण साहस केवढें, रंग कसे मनोहर, छायाचित्रण किती सुंदर, एवढें म्हटलें म्हणजे परीक्षण संपलें, अशी वहिवाट पडून गेली आहे. जी कृति 'हें असें घडलें' म्हणून आपल्यापुढें येते, तिला सौंदर्याबरोबर सत्याचीहि कसोटी लावावी लागते. ती कसोटी कोणती असावी, आणि ह्या प्रकारांतील दोन नामांकित चित्रपट तिला कितपत उतरतात, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यांपैकीं पहिला म्हणजे झाक कूस्तो व लुई माल ह्यांचा १९५६ सालचा 'द सायलेंट वर्ल्ड', अर्थात् 'मौनाचें जग'. आणि दुसरा २०२० सालचा 'माय ऑक्टोपस टीचर'.

प्रथम ह्या कलेचें माध्यम लक्षांत घेतलें पाहिजे. पाणी हें हवेसारखें निरुपद्रवी माध्यम नव्हे. सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच शोषला जातो. बरेंच खालीं गेल्यावर सारें जग निळसर-हिरवें होतें, आणि बोट कापलें तर वाहणारें रक्तहि हिरवट दिसतें. पोवळ्यांचे जे लाल-केशरी ताटवे पडद्यावर पाहून आपण हरखून जातों, ते त्या खोलीवर दिव्यावांचून कोणाच्याहि दृष्टीस पडत नसतात. तो रंग पाणबुड्यानें बरोबर नेलेल्या प्रकाशानें दिलेला असतो. पाण्यांतून कांचेंत व कांचेंतून हवेंत येतांना किरण वांकतात, आणि त्यामुळें पाणबुड्याला प्रत्येक वस्तु सुमारें एक-तृतीयांशानें मोठी व एक-चतुर्थांशानें जवळ भासते. समुद्रांतून परत आलेल्या माणसाच्या गोष्टींतले मासे एवढे मोठे कां असतात, ह्याचें निदान एक कारण तरी पदार्थविज्ञानांत सांपडतें! दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो. म्हणून तेथें फार वेळ राहतां येत नाहीं, आणि घाईनें वर येणेंहि प्राणावर बेततें. श्वास सोडला कीं बुडबुड्यांचा लोट उठतो व त्याचा आवाज होतो. तात्पर्य, पाण्याखालीं नुसतें 'पाहणें' असें कांहीं नसतेंच. दिवा न्यावा लागतो, आवाज करावा लागतो, घटका मोजाव्या लागतात. साक्षी हा तेथें पहिल्या क्षणापासून घटनेंत सामील झालेला असतो. हा कांहीं ह्या कलेचा दोष नव्हे. ती तिची अट आहे. प्रश्न एवढाच कीं, कलावंत ती अट उघडपणें मान्य करतो कीं लपवितो?

ह्या प्रश्नाचीं परस्परविरुद्ध उत्तरें ह्या कलेच्या बाल्यावस्थेंतच मिळालीं होतीं. १९१४ सालीं जॉन अर्नेस्ट विल्यम्सन ह्यानें बहामा बेटांजवळ, आपल्या वडिलांनीं योजलेल्या एका लवचिक नळीच्या टोकाशीं कांचेची खिडकी असलेली कोठडी जोडून, तींत बसून समुद्राचें चित्रीकरण केलें. त्याला मनुष्य व मुशी ह्यांचें द्वंद्व दाखवावयाचें होतें. म्हणून आमिष टाकून मुशी जमविण्यांत आल्या, आणि अखेर सुरा घेऊन तो स्वतःच पाण्यांत उतरला. द्वंद्व खरें होतें, मुशी खरी होती आणि तिचें मरणहि खरें होतें. परंतु तें द्वंद्व त्या मुशीनें मांडलेलें नव्हतें. पांच वर्षांनीं, १९१९ सालीं, आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं 'कालिया मर्दन' काढला. त्यांत त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती, आणि यमुनेच्या डोहांतील कृष्ण-कालियांचें युद्ध फाळक्यांनीं आपल्या नेहमींच्या यंत्रकौशल्यानें दाखविलें. तेथें नाग कृत्रिम आणि युद्धहि कृत्रिम. पण प्रेक्षकाशीं केलेला करार मात्र सरळ होता. आपण पुराणकथा पाहत आहों, हें त्याला पुरतें ठाऊक होतें. कृत्रिमता आणि असत्य ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें ह्या जोडीवरून नीट उमगतें. सोंग म्हणून घेतलेलें सोंग ही कला. सत्य म्हणून आणलेलें सोंग ही फसवणूक.

ह्या दोहोंच्या मधें जाँ पेंलव्हे हा फ्रेंच चित्रपटकार उभा आहे. थोर गणिती आणि फ्रान्सचे एक वेळचे पंतप्रधान पॉल पेंलव्हे ह्यांचा हा मुलगा. घोडामाशावरील त्याचा लघुपट १९३४ सालचा. त्याचा कांहीं भाग आर्काशोंच्या उपसागरांत, जलाभेद्य पेटींत कॅमेरा घालून घेतलेला आहे, आणि उरलेला कांचेच्या हौदांत. घोडामाशांत मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत घालते व प्रसूतीच्या वेणा नराला सोसाव्या लागतात. तें दृश्य पेंलव्हेनें इतक्या धीरानें व बारकाईनें टिपलें आहे कीं, पाहणाऱ्याचें हसूं ओठांवरच विरावें. आणि एवढें केल्यावर शेवटीं त्यानें काय करावें? पोहणाऱ्या घोडामाशांच्या मागें घोड्यांच्या शर्यतीचें दृश्य जोडून दिलें! ही थट्टा वरवर पोरकट वाटते. पण तिच्यांत एक प्रामाणिक सूचना आहे. 'हें चित्र मी जुळविलेलें आहे, बरें का,' असें जणुं तो प्रेक्षकाच्या कानांत सांगतो. माशाच्या चरित्रांत लबाडी नाहीं, आणि चित्रकाराच्या हस्तक्षेपाबद्दल चोरटेपणा नाहीं.

तथापि पेंलव्हेच्या हौदांत निरीक्षण होतें, भेट नव्हती. भेटीला दोन्ही पक्ष मोकळे असावे लागतात. ती मोकळीक १९४३ सालीं मिळाली. युद्धकाळांत पेट्रोलची टंचाई झाल्यामुळें मोटारी गॅसवर चालविण्यासाठीं एमिल गान्यां ह्या एंजिनिअरानें एक झडप सिद्ध केली होती. फ्रेंच नौदलांतील अधिकारी कूस्तो आणि गान्यां ह्या दोघांनीं तिच्यांत फेरफार करून असें यंत्र बनविलें कीं, पाठीवरच्या नळकांड्यांतील दाबलेली हवा पाणबुड्याच्या श्वासासरशी, भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, त्याच्या तोंडांत यावी. जहाजाशीं बांधून ठेवणारी नळी गेली, धातूचें अवजड शिरस्त्राण गेलें, आणि मनुष्य माशासारखा आडवा पोहूं लागला. त्याच काळांत ऑस्ट्रियाचा हान्स हास हा बुडबुडे न सोडणाऱ्या प्राणवायूच्या यंत्रानें माशांच्या जवळ जात होता. तांबड्या समुद्रावरील त्याच्या १९५१ सालच्या चित्रपटांत त्याची पत्नी लोटे हीहि त्याच्याबरोबर पाण्याखालीं उतरलेली दिसते. आज ज्याला सर्रास स्कूबा म्हणतात, त्या विद्येचा हा उगम होय.

'द सायलेंट वर्ल्ड' हें ह्या नव्या स्वातंत्र्याचें पहिलें महाकाव्य. कान येथील महोत्सवाचें सर्वोच्च पारितोषिक त्याला १९५६ सालीं मिळालें आणि पुढल्याच वर्षीं ऑस्करहि मिळालें. त्या वेळीं लुई मालचें वय पुरतें चोवीस वर्षांचेंहि नव्हतें. चित्रपटाच्या आरंभीं हातांत जळत्या मशाली घेतलेले पाणबुडे निळ्या काळोखांत खालीं खालीं उतरत जातात, आणि त्यांच्या मशालींतून बुडबुड्यांचे स्तंभ वर उसळतात. पाण्यांत अग्नि नेण्याचें हें दृश्य पाहून, वडवानलाची कथा लहानपणीं ऐकलेल्या आपल्या प्रेक्षकाचें मन थरारल्यावांचून राहणार नाहीं. अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय, असें भरतानें सांगितलें आहे. तो विस्मय येथें कथेच्या वा संवादाच्या मदतीवांचून केवळ गति आणि प्रकाश ह्यांतून उभा राहतो. कूस्तोच्या साथीदारांशीं सलगी करणारा गोबऱ्याच्या जातीचा तो धीट मासा, कासवाला धरून त्याच्या गतीनें वाहत जाणारा पाणबुडा, समुद्रतळाशीं निजलेलें बुडालेलें जहाज, ही सर्व दृश्यें आजहि शिळीं झालेलीं नाहींत.

परंतु ह्याच चित्रपटांत दुसरींहि दृश्यें आहेत. एका प्रवाळखडकाजवळ पाण्यांत सुरुंग उडवितात; मेलेल्या माशांची मोजदाद होते, आणि कोळ्यानें असें करणें हा रानटीपणा असला तरी शास्त्रज्ञाला गणतीचा हाच एक मार्ग आहे, असें निवेदक सांगतो. पुढें हिंदी महासागरांत स्पर्म जातीच्या देवमाशांचा कळप भेटतो. जहाज त्यांच्यांत घुसतें. एक पाडस जहाजाच्या पंख्यांत सांपडून घायाळ होतें, आणि त्याच्या यातना संपविण्यासाठीं त्याला गोळी घालण्यांत येते. रक्ताच्या वासानें मुशी जमतात व त्या कलेवराचे लचके तोडूं लागतात. तें पाहून खलाशांना संताप येतो. ते आंकडे टाकून एकेका मुशीला डेकवर ओढतात आणि कुऱ्हाडी-दांडक्यांनीं ठार करतात. पाडसाला कोणीं मारलें? जहाजानें. शिक्षा कोणाला झाली? मुशींना. ह्या न्यायांतील विसंगति त्या जहाजावर कोणालाच जाणवत नाहीं, आणि चित्रपट करणाऱ्यांनाहि ती जाणवल्याचें कोठें दिसत नाहीं. त्यांना ह्या प्रसंगांतून वीर रस साधावयाचा होता. आजच्या प्रेक्षकाच्या मनांत मात्र त्यांतून केवळ बीभत्स उत्पन्न होतो. रसाची निष्पत्ति दृश्यावर जितकी, तितकीच पाहणाऱ्याच्या संस्कारांवर अवलंबून असते, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

येथें बहुतेक टीकाकार थांबतात आणि चित्रपटाला क्रूर ठरवून मोकळे होतात. क्रौर्य तर त्यांत आहेच. परंतु ह्या कृतीची एक बाजू त्या निकालांत हरवते. तें क्रौर्य आपल्याला ठाऊक कसें झालें? चित्रपटानेंच तें दाखविलें म्हणून! सुरुंग लावणारा हात, पंख्याला लागलेलें रक्त, कुऱ्हाड उगारलेला खलाशी, ह्यांपैकीं कांहींहि कापून टाकलेलें नाहीं. आपल्या दर्शनासाठीं समुद्राला काय किंमत द्यावी लागली, त्याचा जमाखर्च ह्या चित्रपटांत उघडा पडलेला आहे. हिशेब लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटली नाहीं हें खरें. पण वही खोटी नाहीं. कूस्तो पुढें समुद्राच्या रक्षणाचा मोठा पुरस्कर्ता झाला व १९७३ सालीं त्यानें त्यासाठीं संस्थाहि स्थापन केली. ह्या परिवर्तनाचें मोल आपल्याला कळतें, त्याचें कारण त्याच्या पूर्वचरित्राचा हा अस्सल दस्तऐवज शाबूत आहे हें होय.

खोटें असेल तर तें ह्या चित्रपटाचें नांव आहे. समुद्र मौन नाहीं. पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें पंधराशें मीटर वेगानें, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवतो. तेथें लहानग्या कोळंबीच्या जाती आपल्या नांग्या फटाफट मिटून सतत कडकडाट करीत असतात. मासे घुमतात, खरखरतात. आणि कुबड असलेल्या देवमाशांच्या लांबच लांब गीतांची ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाल्यापासून तीं गीतें जमिनीवरहि ऐकूं आलीं. रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे ह्यांनीं १९७१ सालीं त्यांची रचना शास्त्रीय रीतीनें उलगडून दाखविली. मनुष्याचा कान हवेसाठीं घडलेला. त्याला पाण्याखालीं नीट ऐकूं येत नाहीं, म्हणून त्यानें त्या जगालाच मुकें ठरविलें! आणि ज्या स्पर्म देवमाशांच्या कळपांत कूस्तोचें जहाज घुसलें, ते तर टकटक अशा ध्वनींनीं एकमेकांशीं सतत संपर्क ठेवणारे जीव. त्या पाडसाभोंवतीं त्या दिवशीं पाण्यांत काय काय उमटलें असेल, तें कोणत्याहि फितीवर नाहीं. मौन समुद्राचें नव्हतें. तें साक्षीच्या कानांतलें होतें.

ह्या संबंधांत मालच्या पुढील आयुष्यांतील एक गोष्ट आपल्याशीं निकट संबंध असल्यामुळें येथें नमूद करतों. १९६८ सालीं माल हिंदुस्थानांत आला आणि त्यानें आपल्या देशावर सात भागांची चित्रमालिका तयार केली; ती १९६९ सालीं फ्रान्समध्यें दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आली. पुढें तिच्यावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला, तो विषय वेगळा. तिच्या पहिल्या भागाचें नांव आहे 'अशक्य कॅमेरा'. खेड्यांतले लोक कॅमेऱ्याकडे टक लावून पाहतात, आणि त्या नजरेपुढें माल अस्वस्थ होतो. आपण न्याहाळण्यासाठीं आलों, पण आपल्या येण्यानेंच दृश्य बदललें, हें तो स्वतःच्या आवाजांत बोलून दाखवितो. जी शंका बारा वर्षांपूर्वीं समुद्रांत त्याच्या चित्रपटाला शिवली नव्हती, ती हिंदुस्थानांत जागी झाली, कारण येथें समोरून माणसाचे डोळे उलट पाहत होते. पण मासेहि उलट पाहतच होते! तो धीट गोबरा कामांत फार लुडबुड करूं लागला, तेव्हां त्याला पिंजऱ्यांत कोंडून ठेवावें लागलें. त्याची ती नजर प्रश्न म्हणून कोणीं घेतली नाहीं, गंमत म्हणून घेतली, एवढाच काय तो फरक.

आतां दुसऱ्या चित्रपटाकडे वळूं. दक्षिण आफ्रिकेंत केपटाउनजवळच्या फॉल्स बे ह्या उपसागरांत केल्प नांवाच्या उंच समुद्रवनस्पतीचें अरण्य आहे. क्रेग फॉस्टर ह्या चित्रपटकारानें, कामाच्या ओझ्यानें मन थकून गेलें असतां, २०१० सालीं त्या पाण्यांत रोज उतरण्याचा नेम धरला. हें पाणी कधीं कधीं आठ-नऊ अंशांपर्यंत थंड असतें. तरीहि अंगावर रबरी पोशाख नाहीं आणि पाठीवर श्वासयंत्र नाहीं, एका दमांत जेवढें राहवेल तेवढेंच राहावयाचें. तेथें त्याला अष्टपादाची एक मादी दिसली, आणि तिच्या उरलेल्या आयुष्यभर तो तिला भेटत राहिला. पिपा अर्लिक व जेम्स रीड ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटाला २०२१ सालीं ऑस्कर मिळालें.

ह्या चित्रपटाची थोरवी त्याच्या संयमांत आहे. कूस्तोच्या मंडळींनीं श्वासयंत्र घेऊन समुद्र जिंकला. फॉस्टरनें तें यंत्र टाकून देऊन समुद्राची मर्जी संपादन केली. त्याच्या हातून एकदां कॅमेऱ्याचें भिंग निसटून पडतें, ती मादी दचकून आपलें बीळ सोडून जाते, आणि तो दिवसामागून दिवस तिचा माग काढीत राहतो. कलाहारी वाळवंटांतील माग काढणाऱ्या सान लोकांवर त्यानें पूर्वीं चित्रपट केला होता. ती विद्या येथें पाण्यांत कामीं येते. खाल्लेल्या खेकड्याचें कवच, वाळूवरचा किंचितसा ओरखडा, ह्यांचें तो वाचन करतो. पाण्याखालच्या चित्रपटांत एवढी सोशिक नजर क्वचितच पाहावयास मिळते. आणि पट्टेरी मुशी त्या मादीवर झडप घालून तिचा एक बाहु तोडून नेते, तेव्हां तो मधें पडत नाहीं. कूस्तोच्या खलाशांनीं उगारलेली कुऱ्हाड येथें उगारली जात नाहीं. दोन्ही चित्रपटांत दुबळा जीव आहे, मुशी आहे आणि पाहणारा मनुष्य आहे. चौसष्ट वर्षांत त्या मनुष्याच्या हातांत केवढा फरक पडला, हें ह्या दोन प्रसंगांच्या तुलनेनें जितकें कळतें, तितकें एखाद्या व्याख्यानानेंहि कळणार नाहीं.

असें असूनहि सत्याच्या कसोटीवर हा चित्रपट मला पहिल्यापेक्षां कांहींसा कमी उतरतो. कारण त्यांतील जमाखर्च अपुरा आहे. कथा अशी सांगितली आहे कीं, एक मनुष्य आणि एक जीव ह्यांच्या दरम्यान दुसरें कोणीहि नाहीं. पण त्या मादीनें फॉस्टरच्या हाताला बाहु गुंडाळला आहे व दोघेंहि एकाच चौकटींत आहेत, असें दृश्य आपण पाहतों, तेव्हां कॅमेरा कोणाच्या हातीं असतो? श्रेयनामावलींत छायाचित्रणकार म्हणून रॉजर हॉरॉक्स ह्यांचें नांव आहे. कथनांत मात्र अशा तिसऱ्या माणसाला जागा नाहीं. एकांताची कथा सांगतांना एकांताचा साक्षी लपविणें, ही गोष्ट कथेंत क्षम्य आहे, जबानींत नाहीं. दहा शब्दांनीं ही उणीव भरून निघाली असती, आणि तेवढ्यानें त्या स्नेहाचा गोडवा तिळभरहि कमी झाला नसता.

दुसरा आक्षेप भावनेसंबंधींचा. तिर्यग्योनींत मानवी शृंगारादि भावांचा आरोप केला असतां रस न होतां रसाभास होतो, असें विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त म्हटलें आहे. हा नियम कवींनीं कधींच कसोशीनें पाळला नाहीं आणि तो पाळावा असेंहि कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांतील इशारा ध्यानांत घेण्यासारखा आहे. अष्टपादाच्या शरीरांत सुमारें पन्नास कोटी चेतापेशी असतात, आणि त्यांपैकीं दोन-तृतीयांश त्याच्या बाहूंत असतात. म्हणजे त्याचे बाहु केवळ हुकुमाचे ताबेदार नसून तेहि एका अर्थानें विचार करतात. स्पर्श आणि चव हीं त्याला एकाच चूषकानें कळतात. अशा जीवानें माणसाच्या हाताला विळखा घातला, तर तो विश्वास आहे, कुतूहल आहे, कीं ज्याला आपल्या भाषेंत शब्दच नाहीं असें कांहीं आहे? चित्रपट ह्या प्रश्नापाशीं क्षणभर थबकतो, पण लगेच संगीत आणि निवेदन मिळून आपल्याला मैत्रीच्या घरांत नेऊन बसवितात. जें अपरिचित होतें तें ओळखीचें झालें, म्हणून आपल्याला बरें वाटतें. पण तेवढ्यानें तें अपरिचित नाहींसें झालें, ह्याची हळहळ कोणी करावी?

वास्तविक जीवाला गुरु करण्याची कल्पना आपल्या वाचकांना नवी नाहीं. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें यदूला आपले चोवीस गुरु सांगितले आहेत, आणि नाथांनीं त्यांचा विस्तार मराठींत घरोघर पोंचविला आहे. त्या गुरूंत अजगर आहे, पतंग आहे, मीन आहे, आणि प्रत्यक्ष समुद्रहि आहे. पण त्या प्रसंगांतील मार्मिक गोष्ट ही कीं, ह्यांपैकीं एकाहि प्राण्याला आपण गुरु झालों ह्याचा पत्ता नाहीं. अजगरानें अवधूताला जवळ केलें नाहीं, माशानें त्याच्यावर लोभ केला नाहीं. शिष्यानें आपल्या जागीं उभें राहून पाहिलें आणि पाहण्यांतूनच तो शिकला. शिकण्यासाठीं प्रेमाच्या परतफेडीची गरज नसते. फॉस्टरच्या चित्रपटांतलें जें खरें मोलाचें आहे, तें ह्याच जातीचें आहे: शिंपल्यांचें चिलखत पांघरून संकटांतून निसटणारी ती मादी, तुटलेल्या बाहूच्या जागीं हळूहळू फुटणारा नवा अंकुर, अंडीं घातल्यावर अन्न सोडून झिजत गेलेली माता, आणि शेवटीं तिचें शरीर घेऊन जाणारी मुशी. त्या मादीला फॉस्टर कधीं आवडला नसता, तरीहि ह्या चार दृश्यांचा धडा जसाच्या तसा राहिला असता. 'तिचें माझ्यावर प्रेम होतें' असें सिद्ध करण्याच्या धडपडींत चित्रपट आपल्या गुरूची उंची वाढवीत नाहीं, शिष्याची वाढवितो.

कोणी म्हणेल, एवढी काटेकोर छाननी कशासाठीं? चित्रपट पाहून समुद्राविषयीं प्रेम वाटलें, म्हणजे काम झालें! कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा आपल्याकडील जुना वाद येथें वेगळ्या वेषांत पुढें येतो. ह्याला उत्तर म्हणून आपल्याच देशांतील एका चित्रपटाचा दाखला देतां येईल. माइक पांडे ह्यांनीं 'शोअर्स ऑफ सायलेन्स' ह्या २००० सालच्या चित्रपटांत गुजरातच्या किनाऱ्यावर होणारी व्हेल शार्कची कत्तल दाखविली. हा जगांतला सर्वांत मोठा मासा, स्वभावानें निरुपद्रवी. पाण्यांतील बारीक जीव गाळून खाणारा. त्याच्या काळजाच्या तेलासाठीं व मांसासाठीं त्याला आंकडे मारून ओढीत आणीत असत. त्या चित्रांचा परिणाम असा झाला कीं, २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत ह्या माशाचा समावेश करण्यांत आला; त्या कायद्याचें संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. पुढें गुजरातचे कोळी आपलीं जाळीं कापून त्याला सोडूं लागले. कायदा बदलला तो प्रेक्षकाच्या हळवेपणावर नव्हे, पुराव्यावर. तीं चित्रें साधलेलीं वा सजविलेलीं आहेत, असा संशय घेण्यास जागा असती, तर विरोधकांनीं त्याच संशयावर तो पुरावा फेंटाळला असता. ज्या जीवाला स्वतःची फिर्याद मांडतां येत नाहीं, त्याच्या वतीनें बोलणाऱ्या साक्षीनें म्हणूनच दुप्पट चोख असावें लागतें. प्रेमापोटीं केलेली अतिशयोक्ति ही त्या जीवाच्या बाजूची सर्वांत कच्ची वीट ठरते.

हा प्रश्न आतां मोठ्या चित्रपटकारांपुरता राहिलेला नाहीं. १९८७ सालीं ज्या मालवणच्या समुद्राला अभयारण्य म्हणून जाहीर केलें, त्याच्याच आसपास, तारकर्लीला, आज पाठीवर नळकांडें बांधून प्रवासी पाण्यांत उतरतात आणि आपली चित्रफीत घेऊन घरीं परततात. बहुधा त्या चित्रफितींत प्रवासी मध्यभागीं असतो, आणि मासे त्याच्या भोंवतालीं नक्षीसारखे असतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. तीर्थयात्रेहून आलेला मनुष्यहि देवाबरोबर स्वतःची हकीकत सांगतोच. पण ती चित्रफीत पाहणाऱ्या घरांतल्या मंडळींनीं एखादा प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी: हे मासे इतके जवळ कां आले? हा प्रकाश कोणाचा? आणि हें चित्र घेण्यासाठीं त्या खडकावर कोणाचा पाय पडला? असे प्रश्न विचारल्यानें मौज उणावत नाहीं. उलट नजर शहाणी होते.

तेव्हां पाण्याखालच्या चित्रपटाची कसोटी कोणती? ती क्रौर्याचीहि नव्हे आणि कोमलतेचीहि नव्हे. क्रूर चित्रपट प्रामाणिक असूं शकतो आणि कोमल चित्रपट हातचें राखून बोलूं शकतो, हें वर पाहिलेंच. कसोटी ही कीं, पाहणाऱ्यानें आपल्या पाहण्याचा संपूर्ण हिशेब दिला आहे कीं नाहीं: दिवा कोणाचा, आमिष कोणाचें, दुसरा कॅमेरा कोणाचा, आणि जें कळलें नाहीं त्याला कोणत्या भावनेचें नांव दिलें. कूस्तोचा चित्रपट ह्या कसोटीला अजाणतेपणीं उतरतो. फॉस्टरचा, कितीतरी सुसंस्कृत असूनहि, थोडक्यासाठीं चुकतो. दोघांचे गुण एकत्र आणणारा, म्हणजे एकाचा उघडेपणा आणि दुसऱ्याचा संयम ज्याच्या अंगीं आहे असा चित्रपट निघेल, त्या दिवशीं समुद्राला त्याचा खरा साक्षी मिळाला असें म्हणतां येईल. आणि तो साक्षी बोलूं लागण्यापूर्वीं बराच वेळ नुसता ऐकत राहिलेला असेल.